वाख, भाजी आणि आता चहा: अंबाडीची पार्श्वभूमी

थंडीत नागपुरात गोकुळपेठच्या बाजारात अंबाडीच्या लाल फुलांचे ढीग लागतात. हीच फुलं वाळून ‘हिबिस्कस टी’ नावानं पाकिटात शिरली, की भाव चढतो आणि दावेही: रक्तदाब उतरतो, चरबी वितळते. नाव वाचून अनेकांना तो गणपतीला वाहायच्या जास्वंदीचा चहा वाटतो. जास्वंद अंबाडीची चुलत बहीण. कपात उतरते ती अंबाडीच, आणि तेही फूल नव्हे. फिकट पिवळ्या पाकळ्या गळून गेल्यावर बोंडाभोवती उरतो तो मांसल, लाल निदलपुंज, म्हणजे फुलाचं बाहेरचं आवरण.

विदर्भाला अंबाडी नवी नाही. या एका नावाखाली दोन सख्ख्या जाती येतात. खोडाचा वाख काढून दोर वळले, कोवळा पाला ज्वारीच्या कण्या आणि तुरीची डाळ घालून शिजवला, वर लसणाची फोडणी दिली. लाल फुलांची चटणी झाली, सरबत झालं. चहासारखं उकळून पिण्याची रीत मात्र इजिप्त-सुदानकडची. तिथं त्याला ‘करकदे’ म्हणतात.

लाल रंग अँथोसायनिन वर्गातल्या रंगद्रव्यांचा. जांभळातही हाच वर्ग असतो. कपात चिमूटभर खायचा सोडा टाकून पाहा, लाली निळसर होते. आंबटपणा सायट्रिक, मॅलिक आणि अंबाडीच्या स्वतःच्या एका आम्लाचा. प्रयोगशाळेत ही द्रव्यं रक्तवाहिन्या आवळणाऱ्या एका विकराला (एन्झाइमला) अडवताना दिसली. तिथूनच रक्तदाबाचा विषय निघाला.

2010 साली अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठाच्या चाचणीत रक्तदाब थोडा वाढलेल्या, पण गोळ्या न घेणाऱ्या 65 जणांपैकी काहींना सहा आठवडे रोज तीन कप हा चहा दिला. रक्तदाबाचा वरचा आकडा सरासरी 7.2 नं उतरला. तसंच दिसणारं, पण अंबाडी नसलेलं पेय पिणाऱ्यांचा 1.3 नं. पाकिटावरच्या दाव्यांना आधार आहे तो अशा छोट्या चाचण्यांचा. 2021 मध्ये, वैद्यकीय चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या आढाव्यानं रक्तदाबाबाबतचा पुरावा अपुराच ठरवला. मधल्या काळात, 2020 च्या कोरोना साथीत, आयुष मंत्रालयानं तुळस, दालचिनी, सुंठ, मिऱ्याचा काढा सुचवला आणि ‘हर्बल’ हा शब्द घरोघरी रुळला.

रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर दोन्हींचा परिणाम एकत्र होऊ शकतो, डॉक्टरांना सांगितलेलं बरं. आणि आपल्या सरबतात पडते तेवढी साखर घातली, तर रक्तदाबाचं बोलायलाच नको.