शालेय वर्तन-साहाय्य आणि पालक

शाळेत मुलाच्या ज्या वागण्यामुळे त्याच्या स्वतःच्या किंवा इतरांच्या शिकण्यात अडथळा येतो, त्यामागचे कारण शोधून त्याच हेतूसाठी दुसरे, चालण्याजोगे वागणे शिकवण्याच्या पद्धतीस वर्तन-साहाय्य म्हणतात. शिक्षा वर्तन घडून गेल्यावर होते. साहाय्याचा भर वर्तनाआधीच्या परिस्थितीवर असतो. या पद्धतीचे मूळ अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांच्या साधक अभिसंधानाच्या, म्हणजे वागण्याच्या परिणामानुसार ते वागणे वाढते किंवा कमी होते या सिद्धांतात आहे. अमेरिकेत विकलांगांच्या शिक्षणाविषयीच्या कायद्यात १९९७ साली झालेल्या दुरुस्तीने विकलांग मुलांच्या बाबतीत अशा उपायांचा विचार करणे शाळांवर बंधनकारक केले आणि तो करणाऱ्या गटात पालकांनाही स्थान दिले.

आपल्याकडे हा विषय पालकांपर्यंत बहुधा तक्रारीच्या वाटेने पोहोचतो. ‘वर्गात फार त्रास देतो, लक्ष द्यावे’ असा शेरा डायरीत येतो. त्यावरून नेमके काय घडले हे पालकांना कळत नाही आणि घरी मुलाला ओरडा बसतो. वर्तन-साहाय्यात पहिले काम हा शेरा बदलण्याचे असते. ‘गणिताच्या तासाला फळ्यावरचे उदाहरण उतरवून घ्यायला सांगितले, की वही ढकलून बाकाखाली जातो, या आठवड्यात चार वेळा’ असे लिहिले, तर त्यावर बोलता येते. आधी काय झाले, मुलाने काय केले आणि त्यानंतर काय झाले, अशा तीन रकान्यांत शिक्षक एकदोन आठवडे नोंदी ठेवतात. वरच्या उदाहरणात तिसऱ्या रकान्यात दर वेळी ‘वर्गाबाहेर उभे केले’ असे आढळले, तर मुलाला उतरवून घेणे टाळायचे होते आणि शिक्षेने ते आयतेच साधून दिले, असा अर्थ निघू शकतो. तो का टाळतो, हा पुढचा प्रश्न. कधी त्याचे उत्तर एवढेच असते, की त्याला मागच्या बाकावरून फळा दिसत नाही आणि चष्मा हवा आहे.

काम टाळणे, लक्ष वेधून घेणे, हवी ती वस्तू मिळवणे आणि शरीराला बरे वाटणारी संवेदना मिळवणे, हे वर्तनाचे चार हेतू सामान्यतः मानले जातात. ते ओळखताना शाळेकडे अर्धीच माहिती असते. अपुरी झोप, तसाच परत येणारा डबा, घरात नुकतेच आलेले बाळ किंवा आजोबांचे जाणे या गोष्टी पालकच सांगू शकतात.

पालकांचा गोंधळ सर्वाधिक होतो तो उपाय सुरू झाल्यानंतर. आरडाओरडा केल्यावर मिळणारे लक्ष बंद झाले, की मूल काही दिवस आधीपेक्षा जास्त आरडाओरडा करू शकते. ही वाढ अपेक्षित असते. पण याच वेळी घरी कंटाळून माघार घेतली, तर जास्त जोर लावला की मिळते, हे मूल शिकते. शाबासकी किंवा खेळाचा वेळ म्हणजे लाच, हा आक्षेपही नेहमी येतो. लाच गोंधळ थांबवण्यासाठी ऐनवेळी देऊ केली जाते, तर बक्षीस आधी ठरलेले असते आणि अपेक्षित वर्तनानंतरच मिळते. हा फरक पालकसभेत समजावून सांगण्यासारखा आहे.

भारतात शिक्षण हक्क कायदा, २००९ याच्या कलम १७ नुसार शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांस मनाई आहे. कलम २४ नुसार शिक्षकांनी पालकांच्या नियमित बैठका घेऊन हजेरी, शिकण्याची क्षमता आणि प्रगती यांची माहिती द्यायची असते; वर्तनाचा तेथे वेगळा उल्लेख नाही, ते ‘इतर संबंधित माहिती’त येते. पहिली ते पाचवीसाठी तीस विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक असे कायद्याचे प्रमाण आहे. तेवढ्या मुलांच्या वर्गात दिवसभर नोंदी ठेवणे अवघड असते, म्हणून समुपदेशक नसलेल्या शाळेत वर्गशिक्षकांनी एकच अडचणीचा तास निवडून तेवढ्यापुरता तक्ता भरला आणि पालकांनी घरच्या गृहपाठाच्या वेळेचा भरला, तरी सुरुवात होऊ शकते.