अंडरव्होल्टिंग

अंडरव्होल्टिंग : संगणकाच्या प्रोसेसरला कारखान्याने नेमून दिलेल्या व्होल्टेजपेक्षा किंचित कमी व्होल्टेजवर, पण शक्यतो त्याच वेगाने चालवून वीजवापर आणि उष्णता कमी करण्याची पद्धत. मराठीत प्रतिशब्द रुळलेला नाही. ‘कमी दाब’ म्हटले की हवामान खात्याचा पट्टा आठवतो आणि ‘लो व्होल्टेज’ म्हटले की ठाण्यात कोणालाही मंदावलेला पंखा व महावितरण. त्या दाबाशी या पद्धतीचा संबंध नाही. भिंतीतल्या २३० व्होल्टचे एसएमपीएस (संगणकातला वीजपुरवठ्याचा डबा) १२ व्होल्ट करतो, त्याचे मदरबोर्डवरील नियामक एका व्होल्टच्या आसपास आणतो. छाटला जातो तो हा शेवटचा आकडा, तोही मिलिव्होल्टच्या हिशेबाने.

उगमाविषयी दोन मते आहेत. पहिल्यानुसार ही ओव्हरक्लॉकिंगच्या छंदाची उलटी बाजू : वेग वाढवण्यासाठी व्होल्टेज चढवणाऱ्यांनीच पुढे ते उतरवून पाहिले. दुसऱ्यानुसार तिचे मूळ लॅपटॉपच्या बॅटरीत आहे. इंटेलचे स्पीडस्टेप आणि ट्रान्समेटा कंपनीच्या क्रूसो चिपमधील लाँगरन ही तंत्रे २००० सालच्या सुरुवातीस जवळपास एकाच वेळी पुढे आली. काम हलके असताना वेगाबरोबर व्होल्टेजही उतरवणे हे दोन्हींचे सूत्र. डेस्कटॉपवर एएमडीचे कूल अँड क्वाएट त्यानंतरचे. छंदिष्टांनी वापरलेली हत्यारे बहुतांशी याच तंत्रांनी उघडलेल्या दारातून आलेली दिसतात, त्यामुळे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. त्याही मागे जायचे तर रॉबर्ट डेनार्ड व सहकाऱ्यांचा १९७४ चा लेख आहे. ट्रान्झिस्टर लहान होईल त्या प्रमाणात व्होल्टेजही उतरवता येते, असे त्यात दाखवले होते. साधारण २००५ च्या सुमारास गळती-प्रवाहामुळे (बंद ट्रान्झिस्टरमधूनही झिरपणाऱ्या विजेमुळे) हे गणित अडले आणि व्होल्टेज एका व्होल्टच्या आसपास रेंगाळले.

उतरवायला जागा उरते ती उत्पादकाच्या सावधगिरीमुळे. एकाच मॉडेलच्या सर्व चिपा सारख्या निघत नाहीत. सर्वांत सुमार चिपही जुनी झाल्यावर, तापलेल्या स्थितीत चालावी एवढे व्होल्टेज ठेवलेले असते. ट्रान्झिस्टरच्या उघडझापीत होणारा वीजवापर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो, म्हणून १.२० चे १.१० व्होल्ट केल्यास वेग तोच राहूनही तो सुमारे १६ टक्के घटतो. एएमडीच्या रायझेन ५००० प्रोसेसर मालिकेपासून मिळणाऱ्या कर्व्ह ऑप्टिमायझर या सोयीत ही घट पायऱ्यांनी देतात. एक पायरी अंदाजे ३ ते ५ मिलिव्होल्ट, त्या मालिकेत उणे ३० पायऱ्यांपर्यंत.

ठाणे–नवी मुंबईत या पद्धतीचे आकर्षण मुख्यतः हवेमुळे. चिपचे तापमान खोलीच्या तापमानावर चढते. घोडबंदर रोडवरील बिनएसीच्या खोलीत मे महिन्यात ३४ अंश असतील, तर २२ अंशांच्या एसी खोलीच्या तुलनेत ते १२ अंश जवळजवळ जसेच्या तसे चिपवर येतात. ऐरोली–महापे पट्ट्यातील डेटा सेंटरांचा शीतकरणाचा प्रश्न सजातीय असला, तरी तो या नोंदीच्या कक्षेबाहेरचा.

स्थिरतेची चाचणी : व्होल्टेज घटले की ट्रान्झिस्टर हळू उघडझाप करतात. प्रोसेसरच्या घड्याळाच्या (त्याचा वेग ठरवणाऱ्या स्पंदनांच्या) पुढच्या ठोक्याआधी संकेत पोहोचला नाही तर चुकीचा बिट नोंदला जातो. संगणक बंद पडला तर निदान समजते तरी. उत्तर चुकून काम चालूच राहिले, तर ते अधिक घातक. चाचणीसाठी वापरले जाणारे जॉर्ज वॉल्टमन यांचे प्राइम९५ हे सॉफ्टवेअर मूळचे मर्सेन अविभाज्य संख्यांच्या (दोनच्या घातातून एक वजा केल्यावर येणाऱ्या) शोधासाठी. त्याच्या गुणाकारात येणारे आकडे पूर्णांकाच्या अगदी जवळ पडायला हवेत, तफावत ०.४ च्या पुढे गेली की चाचणी थांबते. ही कसोटी चोख आहे, पण पूर्ण भाराखाली सर्व कोअरचा (प्रोसेसरमधील स्वतंत्र गणनाकेंद्रांचा) वेग उतरलेला असतो. रात्रभर प्राइम९५ सोसलेला संगणक सकाळी नुसता ब्राउझर उघडताना रीस्टार्ट होतो तो यामुळे : हलक्या कामात एकच कोअर कमाल वेगाला झेपावतो आणि तिथे व्होल्टेज तोकडे पडते. म्हणून एकेक कोअर सुटा तपासणारे कोअरसायकलर वापरतात. काही रायझेनवर आणखी एक फसगत होते : पडद्यावरचा वेग तोच, पण घड्याळाचे ठोके ताणले गेल्याने सिनेबेंच या वेगचाचणीचे गुण घसरतात. गुण न पाहता नुसते तापमान पाहणाऱ्याला हे कळतच नाही.

विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये डब्ल्यूएचईए-लॉगरची (हार्डवेअरच्या चुका टिपणाऱ्या घटकाची) १९ क्रमांकाची नोंद म्हणजे चूक झाली पण दुरुस्त झाली. १८ म्हणजे चूक झाली आणि दुरुस्त झाली नाही. कर्नल-पॉवर ४१ मात्र फक्त अचानक बंद पडल्याचे सांगते, आणि ही नोंद वीज गेल्यावरही उमटते. इन्व्हर्टर नसलेल्या घरात रात्रभर चाचणी लावली असल्यास सकाळी आधी मायक्रोवेव्हचे घड्याळ पाहावे. ते १२:०० वर लुकलुकत असेल तर दोष चिपचा धरू नये, चाचणी पुन्हा लावावी.

डिसेंबर २०१९ मध्ये प्लंडरव्होल्ट ही त्रुटी जाहीर झाली. व्होल्टेज मुद्दाम घटवून इंटेलच्या एसजीएक्स या सुरक्षित कप्प्यातील गणिते चुकवता येतात, असे संशोधकांनी दाखवले. त्यानंतरच्या बायोसच्या (मदरबोर्डवरील मूळ सॉफ्टवेअरच्या) अद्ययावतांनी बऱ्याच संगणकांवर सॉफ्टवेअरमधून व्होल्टेज उतरवण्याची सोय बंद केली.