शाळेतला वर्ग, कॉलेजचं क्रेडिट: इंग्लिशच्या को-ऑर्डिनेटरची नोकरी आली कुठून

माझी मावसबहीण अमेरिकेत मिडवेस्टमधल्या एका छोट्या गावात हायस्कूलला इंग्लिश शिकवते. तिच्या वर्गातल्या बारावीच्या मुलांना एकाच कोर्सचे शाळेत मार्क मिळतात आणि जवळच्या युनिव्हर्सिटीचे ३ क्रेडिटही (डिग्रीसाठी जमवायचे एकक) मिळतात, म्हणजे पोरगं कॉलेजात पाऊल टाकायच्या आधीच फर्स्ट इयरचं कंपोझिशन, म्हणजे लेखनाचा कोर्स, उरकून मोकळं. त्यासाठी तिला उन्हाळ्यात युनिव्हर्सिटीत ट्रेनिंगला जावं लागतं. एकदा तिथे एकाच मुलाचा निबंध नाव खोडून बारा टीचरांना तपासायला दिला, कुणी ए मायनस दिला, कुणी सी, आणि एका बाईंनी तर ग्रेडच दिली नाही, खाली लिहिलं "परत लिहून आण". मग जेवायची वेळ होईपर्यंत नुसती वादावादी, आणि युनिव्हर्सिटीची को-ऑर्डिनेटर, म्हणजे शाळांतले हे कोर्स सांभाळणारी बाई, आपली शांतपणे फळ्यावर लिहून घेतेय की कोण कशाला किती मार्क देतंय.

ही को-ऑर्डिनेटर लागतेच कशाला, हे कळायला बरंच मागे जावं लागतं. गणिताचं उत्तर निदान बरोबर की चूक ते कळतं, निबंध "कॉलेजच्या लायकीचा" आहे हे कोण ठरवणार? सगळा इतिहास याच एका भांडणाचा आहे असं माझं मत.

भांडण सुरू झालं हार्वर्डमध्ये. १८७४ ला त्यांनी प्रवेश परीक्षेत इंग्लिश निबंध घातला, तर श्रीमंतांच्या चांगल्या चांगल्या शाळांतली पोरं लिहिताना गडबडायला लागली. प्राध्यापक म्हणे शाळा काही शिकवत नाहीत. मग १८८५ ला पहिल्या वर्षाच्या सगळ्यांना 'इंग्लिश ए' नावाचा लेखनाचा कोर्स सक्तीचा झाला. खरं तर शाळांनी शिकवायला हवं होतं ते आपण शिकवतोय अशी हार्वर्डची तक्रार होती, आणि शाळा सुधारेपर्यंतची तात्पुरती सोय म्हणून आलेला कोर्स पुढे देशभरातल्या कॉलेजांत कायमचा मुक्कामाला राहिला. गंमत अशी की आज तोच कोर्स परत शाळेत गेलाय, फक्त आता त्यावर युनिव्हर्सिटीचा शिक्का असतो.

परत जायची पहिली वाट परीक्षेची. १९५१ च्या सुमारास फोर्ड फाउंडेशनच्या पैशावर अँडोव्हर, एक्झेटर, लॉरेन्सव्हिल या तीन खासगी शाळा आणि हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन असे सगळे एकत्र बसले आणि त्यांना दिसलं की हुशार पोरं शाळेच्या शेवटच्या दोन वर्षांत जे शिकतात तेच कॉलेजच्या पहिल्या दोन वर्षांत परत गिरवतात. यातून (आणि केनियन कॉलेजने चालवलेल्या तशाच दुसऱ्या प्रयोगातून) ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट म्हणजे एपी जन्माला आलं, १९५५ ला ते कॉलेज बोर्डाकडे गेलं. मे महिन्यात एक पेपर, १ ते ५ स्कोअर, आणि कितीला क्रेडिट द्यायचं ते ज्या त्या कॉलेजने ठरवायचं. आपल्या बोर्डाच्या पेपरावर वाढलेल्या माणसाला हे लगेच पटतं, तिऱ्हाईत तपासनीस, मुलाचा चेहरा माहीत नाही, मग भांडायला जागाच नाही.

दुसरी वाट म्हणजे परीक्षा नको, कोर्सच शाळेत शिकवा आणि शिकवणाऱ्यावर विश्वास ठेवा. कनेक्टिकट युनिव्हर्सिटीने १९५५ लाच हे सुरू केलं, सेंट लुईस युनिव्हर्सिटीने १९५९ ला, त्यांच्या कार्यक्रमाचं नावच १८१८, युनिव्हर्सिटी स्थापन झाली ते वर्ष. पण ज्याचं नाव सगळे घेतात ते सिरॅक्यूजचं. १९७२ मध्ये तिथल्या आसपासच्या सहा शाळांची मंडळी युनिव्हर्सिटीकडे आली, तक्रार साधी, बारावीच्या पोरांचा अभ्यासातला जीव गेलाय, कॉलेजची ॲडमिशन झाली की वर्गात नुसती बसून असतात. यावर 'प्रोजेक्ट ॲडव्हान्स' निघालं. पोरांना कॅम्पसवर न्यायचं तर बस आणि वेळापत्रकाची बोंब, प्रोफेसर शाळांत पाठवायचे तर खर्च परवडत नाही, म्हणून शाळेच्याच टीचरला उन्हाळ्यात ट्रेनिंग द्यायचं, युनिव्हर्सिटीचाच सिलॅबस द्यायचा, फी कॅम्पसपेक्षा पुष्कळ कमी घ्यायची. सुरुवातीच्या कोर्सेसमध्ये फ्रेशमन, म्हणजे पहिल्या वर्षाचं, इंग्लिश होतंच.

आणि इथेच को-ऑर्डिनेटरची खुर्ची तयार झाली. कारण शाळेतलं इंग्लिश म्हणजे मुख्यतः साहित्य, नाटक कादंबरी वाचा आणि त्यावर लिहा, वर्षभर, साधारण १८० दिवस रोज तास. कॉलेजचं कंपोझिशन १५ आठवड्यांचं, त्यात एकाच निबंधाचे तीन तीन ड्राफ्ट, सोर्स शोधणं, एकमेकांचं वाचून मत देणं. लेखन शिकवणाऱ्या प्राध्यापकांची संघटना सांगते वर्गात २० पेक्षा जास्त मुलं नकोत, १५ असतील तर उत्तम, आणि शाळेत तीस पोरं सहज असतात. प्रत्येकी चार निबंध, प्रत्येकाचे तीन ड्राफ्ट, करा गुणाकार, ३६० वेळा वाचायचं, तेही बाकीचे वर्ग सांभाळून. टीचरने कुठे काटछाट करायची आणि कुठे अजिबात करायची नाही हे सांगायला कुणीतरी मधला माणूस लागणारच, ज्याला शाळेची घंटाही कळते आणि इंग्लिश डिपार्टमेंटचं राजकारणही.

मग पैसा आला. १९८५ मध्ये मिनेसोटात गव्हर्नर रुडी पर्पिच यांच्या काळात कायदा झाला की अकरावी-बारावीची मुलं थेट कॉलेजात जाऊन शिकू शकतात, खर्च सरकारचा, पण शाळेला त्या मुलामागे मिळणारा पैसा कमी होणार. शाळा साहजिकच हादरल्या. पुढे तर कॉलेजांनी "आमच्याकडे या, पैसे वाचतील" अशी जाहिरात करायची नाही असंही कायद्यात आलं. पोरगं आपल्याच इमारतीत ठेवून कॉलेजचं क्रेडिट देता आलं तर सगळ्यांचं भागतं, म्हणून शाळेतच शिकवायच्या कोर्सेसना जोर आला, मिनेसोटा युनिव्हर्सिटीचा 'कॉलेज इन द स्कूल्स' १९८६ चा आहे.

इतकं वाढल्यावर बाकीची कॉलेजं विचारणारच, हे क्रेडिट खरं कशावरून? माझ्या भाचीला हाच प्रश्न आला, एका लांबच्या युनिव्हर्सिटीने तिचं क्रेडिट घेतलं खरं पण "इलेक्टिव्ह" म्हणजे ऐच्छिक विषय म्हणून, कंपोझिशन परत करायला लावलं. अशा शंकांना तोंड द्यायला १९९९ ला नॅसेप नावाची राष्ट्रीय संघटना निघाली आणि २००२ मध्ये तिने स्टँडर्ड ठरवले. कोर्स कॅम्पसच्या कॅटलॉगमधलाच हवा, टीचरला डिपार्टमेंटची मंजुरी हवी, दरवर्षी विषयाचं ट्रेनिंग, प्राध्यापकाने वर्गात येऊन बघणं, आणि शाळेतल्या मुलांचं मूल्यमापन कॅम्पसवरच्यासारखंच हवं. हे सगळं प्रत्यक्षात करतं कोण, तर को-ऑर्डिनेटर, बऱ्याचदा स्वतःचे वर्ग सांभाळून, जानेवारीच्या बर्फात गाडी हाकत या शाळेतून त्या शाळेत.

२०१५ ला मोठा धक्का बसला. तेव्हा मधल्या १९ राज्यांतल्या कॉलेजांना मान्यता देणाऱ्या हायर लर्निंग कमिशनने स्पष्ट केलं की असे कोर्स शिकवायला त्या विषयातली मास्टर्स हवी, किंवा दुसरी मास्टर्स असेल तर विषयातले निदान १८ ग्रॅज्युएट, म्हणजे मास्टर्सच्या पातळीचे, क्रेडिट. हायस्कूलच्या कितीतरी टीचरांकडे मास्टर्स असते पण एज्युकेशनमधली, कारण शाळेत पगार त्यावरही वाढतो. वीस वर्षं हाच कोर्स शिकवणारी माणसं एका फटक्यात अपात्र. डेडलाइन आधी २०१७, मग २०२२, मग २०२३ अशी सरकत गेली आणि शेवटी नियमच सैल केला. तोवर माझी बहीण ४६ व्या वर्षी रात्री ऑनलाइन र्‍हेटोरिकचे (परिणामकारक लेखन-भाषणाच्या शास्त्राचे) क्लास करून १८ क्रेडिट पूर्ण करून बसली होती. अजून कुरकुर करते, पण म्हणते त्यातला एक क्लास खरंच भारी होता.

आता २०२२-२३ च्या सरकारी आकड्यात हायस्कूलमध्ये असतानाच कॉलेजचं क्रेडिट घेणारी मुलं साधारण २५ लाख आहेत, सगळे विषय धरून, पण एपी सोडून. यंदाच्या ट्रेनिंगला परत एक निबंध वाटला, परत बारा जण, पण या वेळी ग्रेडवर कुणी आलंच नाही. पहिला तासभर हा मुलाने लिहिलाय की चॅटजीपीटीने यावरच गेला, आणि सिलॅबसमध्ये काय छापायचं यावर त्याहून जास्त, कारण युनिव्हर्सिटी म्हणते ज्याने त्याने ठरवा आणि शाळा म्हणते पूर्ण बंदी. को-ऑर्डिनेटरने फळ्यावर एक वाक्य लिहिलं, पुसलं, परत लिहिलं, आणि म्हणाली जेवून येऊ या.