बुडखा मारणं वेगळं, कुजवणं वेगळं

रीतसर परवानगी काढून अंगणातलं झाड तोडलं, लाकूडफाटा गेला, बुडखा मात्र जागच्या जागी. जेसीबी फाटकातून आत येत नाही, आणि आला तरी त्याचं भाडं परवडत नाही. मग सल्ले सुरू होतात: मीठ भरा, रॉकेल ओता, युरिया टाका, शेण थापा. जणू सगळे उपाय एकाच कामाचे! तसं नाही. यातले काही बुडखा मारण्यासाठी आहेत, काही कुजवण्यासाठी. ही दोन कामं एकमेकांच्या उलट आहेत, हे ध्यानात आलं नाही तर पैसा जातो आणि बुडखा तसाच राहतो.

मारणं म्हणजे फुटवा बंद करणं. झाड तुटलं तरी मुळांत अन्नाचा साठा असतो आणि सालीच्या लगेच आतला पातळ, ओलसर थर जिवंत असतो. नवे कोंब येतात ते तिथून. गाभ्याचं लाकूड बहुतेक मेलेलंच असतं, त्यामुळे मधोमध भोक पाडून औषध ओतलं तर ते वाया जातं. तणनाशक लावायचंच असेल तर ते तोडल्या तोडल्या, सालीलगतच्या कडेवर लावावं लागतं. माझं मत विचाराल तर घरच्या अंगणात त्याची गरज नसते. शिवाय ग्लायफोसेट हे तणनाशक परवानाधारक कीडनियंत्रकांनीच वापरावं, असा आदेश केंद्र सरकारने ऑक्टोबर 2022 मध्ये काढला होता.

फुकटातला उपाय सोपा आहे, फक्त चिकाटी हवी. बुडख्यावर जाड काळा प्लास्टिकचा कागद अंथरा, कडांवर दगड ठेवा आणि दर आठवड्याला उचलून बघा. कोंब बोटभर असतानाच बुडापासून मोडायचा. पानं उघडली की तो मुळांना पुन्हा अन्न पुरवू लागतो. त्याआधी मोडला तर प्रत्येक कोंबाबरोबर साठा आटत जातो. सुबाभूळ, निलगिरी, गिरिपुष्प, शेवगा, कडुनिंब ही फुटणारी झाडं, त्यांना हे करावंच लागतं. सुबाभळीच्या बाबतीत एक फसगत होते: आजूबाजूला पडलेल्या बियाही उगवतात आणि बुडखाच फुटला असं वाटतं. रोप उपटून पाहा. सोटमुळासकट अख्खं हातात आलं तर ते बियांचं, बुडख्याचा त्याच्याशी संबंध नाही.

नारळ-सुपारीला मारण्याची गरजच नाही. त्यांचा वाढीचा कोंब एकच, तोही शेंड्याला. तो गेला की झाड संपलं.

आता कुजवणं. इथे कुणाला मारायचं नाही, उलट बुरशीला जगवायचं आहे. तिला ओल लागते, हवा लागते आणि नत्र लागतं. लाकडात कार्बन भरपूर, नत्र अगदी नावाला, म्हणून तसाच सोडलेला बुडखा वर्षानुवर्षं हलत नाही. यासाठी भोकं मधल्या भागासकट सगळीकडे हवीत, वीतभर खोल. काही तिरपी पाडून बाजूला उघडी ठेवावीत म्हणजे हवा खेळते. ड्रिल मशीन भाड्याने मिळतं, नाहीतर कुऱ्हाडीने खोल खाचा पाडल्या तरी चालतं. त्यांत शेणकाला किंवा थोडा युरिया भरायचा, वर माती-पालापाचोळ्याचा थर द्यायचा आणि तो सुकू द्यायचा नाही. मृगाच्या तोंडावर सुरुवात केली तर पाणी घालण्याचं निम्मं काम पाऊस करतो.

धिंगरी अळिंबीचं (ऑयस्टर मशरूमचं) बियाणं भोकांत भरणं हा मला सर्वांत आवडणारा उपाय आहे. लाकडाला टणक ठेवणारं लिग्निन ही बुरशी खरोखर फोडते. ट्रायकोडर्मा ही दुसरी बुरशी पालापाचोळ्यावर उत्तम, पण टणक लाकडावर तिच्याकडून तेवढी अपेक्षा ठेवू नये. पांगारा, सावर, शेवगा यांचं लाकूड मऊ, ते लवकर भुसभुशीत होतं. सागाचा किंवा बाभळीचा जुना गाभा मात्र फार दाद देत नाही. तिथे पहिल्या पावसाने जमीन मऊ झाल्यावर कुदळ-पहार घेऊन आडवी मुळं तोडणंच बरं. खणून काढायचं आधीच ठरलं असेल तर तोडणाऱ्याला कमरेएवढं खोड ठेवायला सांगा, दोर बांधून हलवायला तेवढी उंची लागते. कुजवायचं असेल तर जमिनीलगत कापून घ्या.

यावरून मिठाचा घोळ कळेल. मीठ मुळाला मारतं, तसंच बुरशीलाही बसू देत नाही, आणि भोवतीची माती इतकी बिघडवतं की पुढे तिथे जास्वंदसुद्धा धरत नाही. रॉकेल-डिझेलही तसंच, वर विहिरीच्या पाण्याला धोका. मॅग्नेशियम सल्फेटमध्ये (एप्सम मिठात) नत्र नसतं, त्यामुळे त्याने बुरशीचं पोट भरत नाही. बुडखा पेटवणं तर नकोच: मुळं जमिनीखाली धुमसत राहतात.

कुजवण्याआधी जागा मात्र पाहा. भिंतीला खेटून असलेला बुडखा कुजत ठेवला तर वाळवीला आमंत्रण मिळतं. कोकणात नारळाचा बुडखा बागेत कुजू देणं आणखी वाईट, कारण गेंडा भुंगा नारळाच्या कुजक्या खोडात अंडी घालतो आणि तिथून निघालेले भुंगे शेजारच्या उभ्या माडांचे कोवळे शेंडे पोखरतात. तो बुडखा मेलेलाच असतो, पण खणून, चिरफाळ्या करून, वाळवून चुलीत घालावा.