ऑप्टिमिस्ट रेगाटा: प्रवेश नेमका कुठे अडतो?

ऑप्टिमिस्ट म्हणजे मुलांनी एकट्याने चालवायची छोटी शिडाची होडी, आणि रेगाटा म्हणजे तिच्या शर्यतींची स्पर्धा. ऑनलाइन फॉर्म, फी, पालकांची सही हे अर्ध्या तासाचं काम. मुलं परत पाठवली जातात ती पुढच्या गोष्टींवरून.

आधी वय. ज्या वर्षी पंधरावा वाढदिवस येतो, त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंतच मूल ऑप्टिमिस्टमधून शर्यतीत उतरू शकतं. २०२६ साठी जन्म २०११ किंवा त्यानंतरचा हवा. ३१ डिसेंबर २०१० ला जन्मलेलं मूल १ जानेवारी २०२६ पासूनच बाद, सोळा पूर्ण व्हायला वर्ष बाकी असलं तरी. याबाबत हुज्जत घालू नका, कुणीही ऐकत नाही.

सदस्यत्व. शिडाच्या शर्यतींच्या आंतरराष्ट्रीय नियमांतल्या (रेसिंग रूल्स ऑफ सेलिंग) नियम ७५ नुसार शर्यतीसाठी होडीची नोंद करणारा राष्ट्रीय संघटनेचा, म्हणजे आपल्याकडे यॉटिंग असोसिएशन ऑफ इंडियाचा, किंवा तिच्याशी संलग्न क्लबचा सदस्य लागतो. क्लब स्वतःही नोंद करू शकतो. उन्हाळी शिबिराच्या फीची पावती म्हणजे सदस्यत्व नव्हे. त्याशिवाय क्लास असोसिएशनची, म्हणजे ऑप्टिमिस्ट होड्यांच्या संघटनेची, वर्गणी मागितली आहे का, हे नोटीस ऑफ रेसमध्ये, म्हणजे स्पर्धेच्या माहितीपत्रकात, बघा. ते जडजंबाळ इंग्रजीत असतं, पण दुसरा इलाज नाही.

सगळ्यात जास्त रडारड होते ती होडीच्या मेजरमेंट सर्टिफिकेटवरून, म्हणजे होडी मापात बसते या दाखल्यावरून. जुनी होडी घेताना लोक सेल (शीड), मास्ट (डोलकाठी), ट्रॉली सगळं नीट बघून घेतात आणि कागद मागायचा विसरतात. मालक बदलला की जुनं सर्टिफिकेट रद्द होतं. होडी पुन्हा मोजावी लागतेच असं नाही, पण नव्या मालकाच्या नावे कागद करून घ्यावा लागतो, आणि त्यासाठी जुना परत द्यावा लागतो. तो पहिल्या मालकाच्या कुठल्या कपाटात आहे देव जाणे! म्हणून पैसे हातावर ठेवण्याआधी कागद मागा, आणि त्यावरचा नंबर होडीशी जुळवून बघा.

कागद आहे पण घरी राहिला, तर नियम ७८ खाली वैध सर्टिफिकेट असल्याचं सही करून लिहून देता येतं आणि मूल शर्यतीत उतरतं. रेगाटाचा शेवटचा दिवस सुरू होण्याआधी मात्र तो दाखवावाच लागतो, नाहीतर सुनावणीशिवाय सगळ्या शर्यती बाद. ही मुदत ‘रेगाटा संपेपर्यंत’ अशी वाचणारे पालक कमी नाहीत. आणि मुळात कागदच नसेल तर असं लिहून देऊ नका.

रेगाटाआधीच्या मोजणीत हल (होडीचा सांगाडा) ३५ किलोपेक्षा हलका चालत नाही. वजन कोरड्या होडीचं होतं, तेव्हा आदल्या रात्री पाणी काढून ठेवा. सेल आणि मास्टमधली फट १० मिलिमीटरपेक्षा जास्त नको. सेल बांधायच्या दोऱ्या सैल पडल्या की ती वाढते, आणि हे समुद्रावरही तपासतात. बेलर (पाणी उपसायचं भांडं) होडीला बांधलेला, लाइफ जॅकेटला शिट्टी अडकवलेली. होडी ओढून न्यायची दोरी एकाच तुकड्याची, तरंगणारी, किमान ५ मिलिमीटर जाड आणि ८ मीटर लांब. गाठ मारून जोडलेली दोरी मेजरर (मोजणी करणारा) बाजूला काढतो, आणि मग ऐनवेळी दोरीसाठी बाजारात पळापळ होते.