विषाणूंची वर्गवारी: सात वाटा, मुक्काम एक

हिपॅटायटिस ए, बी आणि सी हे तिन्ही विषाणू यकृतावर हल्ला करतात, त्यामुळे ते एकाच कुळातले असावेत असा कोणाचाही समज होईल. प्रत्यक्षात ए आणि सी यांचे जनुकीय द्रव्य एकपदरी आरएनए आहे, तर बीचे डीएनए. रोग कोणता होतो यावरून विषाणूची ओळख पटत नाही, ती अशी.

अमेरिकी शास्त्रज्ञ डेव्हिड बाल्टिमोर यांनी १९७१ मध्ये विषाणूंची जी वर्गवारी मांडली, ती एकाच प्रश्नावर उभी आहे: हा विषाणू संदेशवाहक आरएनए कसा तयार करतो? विषाणूकडे प्रथिने बनवणारे रायबोसोम नसतात. ते काम त्याला पेशीच्या रायबोसोमकडून करून घ्यावे लागते आणि रायबोसोम तर संदेशवाहक आरएनएच वाचतात. म्हणजे मूळ द्रव्य कोणतेही असले, तरी प्रत्येक विषाणूला इथवर पोहोचणे भागच असते. बाल्टिमोर यांनी अशा सहा वाटा सांगितल्या. सातवी नंतर जोडली गेली.

दुपदरी डीएनए असलेल्यांची वाट पेशीच्या नेहमीच्या रीतीसारखीच, म्हणजे केंद्रकातल्या डीएनएवरून संदेशवाहक आरएनए काढण्याची, असते. कांजिण्यांचा विषाणू या गटातला. देवीचा विषाणूही याच गटातला, पण तो केंद्रकात न शिरता स्वतःच्या विकरांवर (एन्झाइमांवर) सारे भागवतो. एकपदरी डीएनए असलेल्या पार्व्होविषाणूंच्या बाबतीत आधी दुसरा पदर तयार व्हावा लागतो, एवढाच फरक.

खरी गंमत आरएनए विषाणूंमध्ये आहे. पोलिओच्या विषाणूचा सुमारे ७,५०० अक्षरांचा आरएनए हा स्वतःच संदेश असतो. त्याला ‘धन’ आरएनए म्हणतात. तो शुद्ध करून नुसता पेशीत सोडला, तरी नवे विषाणू तयार होऊ लागतात. रेबीजचा आरएनए याच्या उलट, म्हणजे ‘ऋण’, असतो. तो संदेशाचा पूरक पदर असल्याने रायबोसोमला त्यातून काही वाचता येत नाही, आणि त्यावरून वाचनीय प्रत काढणारे विकर आपल्या पेशीत नसते. म्हणून रेबीज, गोवर आणि इन्फ्लुएंझाचे विषाणू ते विकर आपल्या कणातच भरून आणतात; त्याच्याविना त्यांचा आरएनए निरुपयोगी ठरतो. रोटाविषाणूचा आरएनए दुपदरी, ११ तुकड्यांचा असतो. असा आरएनए दिसताच पेशी सावध होते, म्हणून हा विषाणू तो आतल्या कवचातच झाकून ठेवतो आणि तिथूनच संदेशाच्या प्रती बाहेर सोडतो.

उरलेल्या दोन गटांत उलटी गंगा वाहते. एचआयव्ही आपल्या आरएनएवरून डीएनए तयार करतो आणि तो पेशीच्या गुणसूत्रात बसवतो. हे घडवणाऱ्या विकराचा शोध १९७० मध्ये बाल्टिमोर आणि हॉवर्ड टेमिन यांनी स्वतंत्रपणे लावला होता. हिपॅटायटिस बी कणात डीएनए बाळगतो, पण त्याची नवी प्रत काढताना मध्ये आरएनएचा टप्पा घेतो. सातवा गट त्याच्यासारख्यांचाच. या दोघांचे विकर इतके मिळतेजुळते आहे, की टेनोफोव्हिर हे औषध दोन्ही रोगांवर चालते.

या गटांना वंशावळ मात्र समजू नये. कांजिण्या आणि देवी यांचे विषाणू पहिल्या गटात शेजारी बसत असले तरी त्यांची मुळे वेगळी मानली जातात आणि विषाणूंच्या वर्गीकरणाची आंतरराष्ट्रीय समिती त्यांना सर्वोच्च पातळीवरच निरनिराळ्या विभागांत ठेवते. याउलट आरएनए विषाणूंचे तिन्ही गट आणि उलट प्रत काढणारे दोन्ही गट ती ‘रायबोव्हिरिया’ या एकाच विभागात घालते, कारण त्यांच्या प्रत काढणाऱ्या विकरांमध्ये नाते दिसते.