सहभागी तंत्रज्ञान विकास

शेतकरी, संशोधक आणि कृषी विस्तार कार्यकर्ते यांनी मिळून शेतीतली अडचण नेमकी ओळखणे, तिच्यावर तोडगा काढणे व तो शेतातच पारखून घेणे, अशी कामाची पद्धत. त्याआधीचा क्रम उलटा होता. वाण किंवा औजार संशोधन केंद्रात तयार होई, विस्तार यंत्रणा ते गावात नेई आणि शेतकऱ्याने ते उचलले नाही, की खापर त्याच्या अडाणीपणावर फुटे.

पेरू देशातले बटाट्याचे उदाहरण याबाबतीत बोलके आहे. लिमा येथील आंतरराष्ट्रीय बटाटा केंद्राचे शास्त्रज्ञ मांतारो खोऱ्यात साठवणुकीतली नासाडी कमी करायला गेले. सोबत मानववंशशास्त्रज्ञ होता, हे बरे झाले. घरोघरी चौकशी केल्यावर कळले, की शेतकऱ्यांच्या लेखी ती नासाडी नव्हतीच. सुरकुतलेला बटाटा तिथल्या बायकांना चवीला उलट सरस वाटे. अगदीच बिघडलेला डुकरांना घातला जाई. डोकेदुखी होती ती बियाण्याच्या बटाट्याची. अंधारात ठेवलेल्या नव्या वाणांना लांबच लांब कोंब फुटत आणि लागवडीआधी ते खुडत बसावे लागे. मग थेट ऊन न लागू देता बियाणे उजेडात ठेवून पाहिले, तेव्हा कोंब आखूड, हिरवे व दणकट निघाले. (हिरवा पडलेला बटाटा खाण्याजोगा नसतो, ही युक्ती बियाण्यापुरतीच.) पुढे शेतकऱ्यांनी केंद्राचे नमुना कोठार जसेच्या तसे क्वचितच बांधले. तत्त्व तेवढे घेतले आणि आपापल्या घराच्या ठेवणीप्रमाणे सोय केली. याच केंद्रातील रोड्स व बूथ यांनी १९८२ मध्ये ‘शेतकऱ्याकडून परत शेतकऱ्याकडे’ या सूत्रात हा अनुभव मांडला.

१९८७ मध्ये इंग्लंडमधील ससेक्स येथे भरलेल्या कार्यशाळेने या विचाराला बळ दिले. इंडोनेशियात १९८९ पासून भातावरील तुडतुड्यांच्या निमित्ताने शेतीशाळा, म्हणजे शेतकऱ्यांनी शेतातच निरीक्षण करत शिकायचे वर्ग, सुरू झाल्या.

विस्तार कार्यकर्त्याला यात सर्वांत अवघड वळण घ्यावे लागते. शिफारस सांगणाऱ्याने प्रश्न विचारायला शिकायचे, म्हणजे अधिकार थोडा सोडायचा. ‘सहभाग’ पुष्कळदा कागदावरच राहतो : चाचणीचा आराखडा आधीच ठरलेला, शेतकऱ्याची फक्त जमीन आणि मजुरी.

आणखी एक प्रश्न जोखमीचा. चाचणी फसली, तर हंगाम शेतकऱ्याचा जातो. कोलंबियात १९९० पासून उभ्या राहिलेल्या स्थानिक शेती संशोधन समित्यांनी यावर साधा उपाय केला. गावाने निवडलेली समिती पहिली चाचणी लहानशा तुकड्यावर घेते, निकाल गावासमोर ठेवते आणि खर्च व नुकसान सोसण्यासाठी छोटा निधी राखते.